योहान आंद्रेआस श्मेलर

योहान आंद्रेआस श्मेलर (६ ऑगस्ट १७८५, टिर्शेनरॉइट – २७ जुलै १८५२, म्युनिक) हे जर्मन भाषाशास्त्रज्ञ व कोशकार होते. बव्हेरियन बोलींच्या शास्त्रीय अभ्यासाचे ते प्रवर्तक मानले जातात. त्यांच्या काळापर्यंत या बोली सुशिक्षितांच्या दृष्टीने शुद्ध जर्मनचे बिघडलेले रूप होत्या. त्यांना स्वतःचा इतिहास व स्वतःचे नियम आहेत, हे श्मेलर यांनी दाखवून दिले.

जीवन

त्यांचे वडील टोपल्या विणून उदरनिर्वाह करीत. श्मेलर दोन वर्षांचे असताना हे कुटुंब रिनबर्ग या खेड्यात स्थायिक झाले. शायर्न येथील मठाची शाळा, इंगोलश्टाट व म्युनिक येथे त्यांचे शिक्षण झाले. १८०४ मध्ये शिक्षक होण्याच्या इच्छेने ते स्वित्झर्लंडमध्ये पेस्तालोझी यांच्याकडे गेले. मात्र तेथे काम न मिळाल्याने स्पेनच्या सेवेतील एका स्विस पलटणीत सामान्य शिपाई म्हणून भरती झाले. पुढे माद्रिद व बाझेल येथे अध्यापन करून नेपोलियनविरुद्धच्या युद्धाच्या अखेरीस ते बव्हेरियाच्या सैन्यात अधिकारी म्हणून परतले. बोलींच्या अभ्यासासाठी त्यांना सैन्यातून रजा मिळाली.

कार्य

१८२१ मध्ये त्यांनी बव्हेरियातील बोलींचे व्याकरण प्रसिद्ध केले व त्यासोबत बोलींचा नकाशाही दिला. १८०६ मध्ये राज्याचा दर्जा मिळालेल्या बव्हेरियात तोवर फ्रँकोनियन व श्वेबियन प्रदेशही समाविष्ट झाले होते. त्यामुळे राज्याची सीमा आणि बोलीची सीमा एक नव्हती. श्मेलर यांनी बोलींना नद्यांवरून नावे दिली. लेख नदीच्या पूर्वेकडील बोली वेगळी, पश्चिमेकडील वेगळी.

चार खंडांचा 'बव्हेरियन शब्दकोश' (१८२७–१८३७) ही त्यांची मुख्य कृती होय. शेतकऱ्यांच्या तोंडचे शब्द व जुन्या दस्तऐवजांतील शब्द येथे शेजारी-शेजारी येतात. शब्दांचा क्रम प्रथम धातूतील व्यंजनांनुसार लावला आहे, कारण स्वर गावागणिक बदलतात. ही रचना तर्कशुद्ध असली, तरी नवख्या वाचकाला शब्द सापडणे अवघड जाते.

इटलीच्या उत्तरेकडील 'सात ग्राम' प्रदेशातील लोक प्राचीन किंब्री जमातीचे वंशज असल्याची समजूत होती. १८३३ व १८४४ मध्ये तेथे जाऊन श्मेलर यांनी त्यांची भाषा मध्ययुगीन बव्हेरियनपासून आलेली असल्याचे सिद्ध केले.

१८२९ पासून ते म्युनिकच्या राजग्रंथालयात होते. मठ बरखास्त झाल्यानंतर तेथे आलेल्या हजारो हस्तलिखितांची सूची त्यांनी केली. बेनेडिक्टबॉयर्न मठातील लॅटिन गीतांचे हस्तलिखित त्यांनी १८४७ मध्ये 'कार्मिना बुराना' या नावाने छापले. ते त्या मठात लिहिले गेलेच नसावे, असे आता मानले जाते. नाव मात्र तेच राहिले. 'हेलियांड' या प्राचीन सॅक्सन काव्याची पहिली पूर्ण आवृत्तीही त्यांचीच (१८३०).

शब्दकोशाची दुसरी आवृत्ती गेओर्ग कार्ल फ्रोमान यांनी १८७२ ते १८७७ दरम्यान काढली. बव्हेरियन विज्ञान अकादमीचा नवा शब्दकोश १९९५ पासून भागशः प्रसिद्ध होत आहे.