लोककवी वामनदादा कर्डक

चौदा एप्रिलच्या रात्री आमच्या वस्तीत गायनपार्टीचा कार्यक्रम होतो. माझी आई निरक्षर आहे. पण पेटी-ढोलकीवरचे प्रत्येक गाणे तिला पाठ असते. पुष्कळ गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ असे नाव येते. तो वामन कोण, हे कॉलेजात येईपर्यंत मला ठाऊक नव्हते.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, देशवंडी या खेड्यात झाला. शाळेऐवजी गुरे राखणे वाट्याला आले. पुढे पोटासाठी त्यांनी मुंबई गाठली. मिळेल ती मजुरी करीत ते शिवडीच्या चाळीत राहिले. तेथे एकाने त्यांच्यापुढे पत्र वाचण्यासाठी धरले. वाचता येईना, तेव्हा त्या तरुणाला आपल्या अज्ञानाची विलक्षण लाज वाटली. देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना मुळाक्षरे शिकविली. जोडाक्षरे ते दुकानांच्या पाट्या वाचून शिकले.

१९४३ साली त्यांनी पहिले गाणे लिहिले आणि मग ती लेखणी थांबली नाही. बाबासाहेबांचा विचार लोकांच्या ओठी नेणे हेच त्यांनी आयुष्याचे काम मानले. ६ डिसेंबर १९५६ नंतर पोरक्या झालेल्या समाजाला या गाण्यांनी धीर दिला. हे संगीत नाट्यगृहात वाढले नाही. ते चाळीत, वस्तीत, कंदिलाच्या उजेडात वाढले. चाल सोपी असल्यामुळे एकदा ऐकलेले गाणे माणूस घरी घेऊन जाई. वामनदादा गावोगाव फिरले, हजारो गाणी रचली आणि मागेल त्या गायकाला देऊन टाकली. ‘वाटचाल’ आणि ‘मोहळ’ हे त्यांचे संग्रह निघाले. परंतु अनेक गाणी गायकांच्या वह्यांतच राहिली. गायकाने शेवटचे कडवे गाळले, की कवीचे नावही गळून पडे. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रहो, दिवाळीच्या सुट्टीत मी ही हकिकत आईला सांगितली. निरक्षर माणूस पुढे कवी झाला, याचे तिला फारसे नवल वाटले नाही. त्यांना अक्षरे कोणी शिकविली, एवढेच तिने विचारले. मी देहलवी मास्तरांचे नाव सांगितले आणि मनातून ओशाळलो. घरात शिकलेला मी एकटाच. पण आईच्या हाती पाटी द्यावी, हे मला आजवर सुचले नव्हते. त्या रात्री जेवणे झाल्यावर मी पाटी काढली. तिने पहिले अक्षर गिरविले, ते ‘वा’.