रेल्वेत मिळालेलं पुस्तक अन् साताऱ्यातला ‘देवाचा दरबार’. रेव्हरंड टिळकांची गोष्ट

सातारा : टिळक म्हटलं की लोकमान्यच डोळ्यांपुढं उभे राहतात. पण १९१७ साली साताऱ्यात येऊन राहिलेले टिळक वेगळे. त्यांचं नाव नारायण वामन टिळक. शाळेच्या पुस्तकातून बऱ्याच जणांना ते फुलामुलांचे कवी म्हणून माहीत आहेत. सातारा, सांगली, मिरजेकडच्या ख्रिस्ती मंडळींना त्यांची ओळख वेगळी सांगावी लागत नाही. रविवारच्या उपासनेत गायल्या जाणाऱ्या कितीतरी गीतांखाली त्यांचंच नाव असतं.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणाचं. वडील तापट, तर आई जानकीबाई मायाळू आणि कवितेची आवड असलेली. आई गेल्यावर पोरगा घर सोडून नाशिकला गेला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडं संस्कृत शिकला. डोकं तल्लख, पण एका जागी पाय ठरत नसे. नोकऱ्या धरल्या अन् सोडल्या. संसार पाठीवर टाकल्यासारखा या गावाहून त्या गावाला चालायचा.

त्या काळात त्यांच्या मनात एकच घोळत होतं. हा देश वर यायचा तर जातपात गेली पाहिजे, अन् त्यासाठी माणसाला माणूस मानणारा धर्म हवा. असा धर्म आपणच काढावा, इथपर्यंत त्यांचा विचार गेला होता.

१८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते. डब्यात एक युरोपियन भेटला. बोलणं कवितेवरून देवाधर्मावर गेलं. उतरताना त्यानं बायबलचा नवा करार हातात ठेवला आणि हे वाचा म्हणून सांगितलं. तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असंही तो म्हणाला. टिळकांना ते पटलं नव्हतं. दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी हातात पेन्सिल घेऊन वाचायला सुरुवात केली. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले, अन् पुस्तक खाली ठेववेना. शत्रूवर प्रेम करा, आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ बघा, ही ती शिकवण. जे ते शोधत होते ते आयतंच लिहिलेलं सापडलं.

मग मुंबईच्या रेव्हरंड अॅबट यांच्याशी गाठ पडली. पुढं याच अॅबट यांनी आपल्या संतांची चरित्रं इंग्रजीत नेली. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

वाचनाची किंमत घरानं मोजली. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. लहानगा दत्तू घेऊन त्या माहेरच्या, नात्यातल्या माणसांत राहिल्या, पंढरपुरातही राहिल्या. टिळकांची पत्रं येत राहिली. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडं परतल्या, पण सोवळं पाळून. चूल वेगळी, पाणी वेगळं. ते बदलायला कुणाचं प्रवचन लागलं नाही. जात देवानं केली की माणसानं, हा विचार त्यांनी स्वतःच्याच मनाशी केला, आणि जात माणसानं केलेली असं ठरल्यावर कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. टिळकांनी पुस्तक वाचून जे मिळवलं ते या बाईनं पाण्याच्या हंड्यापाशी मिळवलं, असं म्हटलं तर चुकायचं नाही.

नगरला टिळक मिशनच्या कामात होते. तिथं त्यांना खरी अडचण दिसली. गावोगावचे ख्रिस्ती बहुतेक महार-मांग समाजातले, गरीब. पुष्कळांना अक्षर ओळखता येत नव्हतं. त्यांच्या हातात बायबल देऊन काय उपयोग? आणि देवळात गायची गाणी म्हणजे इंग्रजी चालीवर बसवलेली मराठी. ती शेतात किंवा जात्यावर कशी यावीत? टिळकांनी अभंग, ओवी, पदं, भजनं लिहिली. बायबलमधलं वचन टाळ-मृदंगाच्या चालीत बसवलं. ख्रिस्ती कीर्तन नगरकडं आधीपासून होतं, टिळकांनी त्याला आणखी जोर दिला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो, हे ते उघड सांगत. वारकरी घरातल्या माणसाला यात काही परकं वाटायचं कारण नव्हतं. वाचता न येणारी बाईसुद्धा दळताना, निंदताना ते गुणगुणू शकत होती. पुस्तक पाठ झालं ते असं.

१९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादक होते. हे पत्र १८४२ पासूनचं, आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या पत्रांपैकी एक.

पण मिशनचा पगार त्यांना टोचू लागला. देवाचं सांगायचं अन् महिन्याला पैसे घ्यायचे, लोक ऐकतील कसं? गोऱ्यांचा धर्म हा शिक्का पुसायचा तर आधी तो पगार सुटला पाहिजे, असं त्यांना वाटलं. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी नोकरी सोडली आणि संन्यास घेतला. घरदार टाकून रानात जायचा हा संन्यास नव्हता. ते साताऱ्यात राहायला आले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला मानणारा कुणीही त्यात यावा, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ही त्याची रीत. त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती. बाप्तिस्मा न घेतलेल्याला आपल्यात कसं बसवायचं, हा प्रश्न मंडळ्यांना आजही पडतो.

दरबाराला फार वेळ मिळाला नाही. तब्येत ढासळली आणि ९ मे १९१९ ला मुंबईत टिळक गेले. दरबाराचं काम त्यांच्यामागं टिकलं नाही.

मागं एक मोठं काम अर्धवट राहिलं होतं. येशूचं चरित्र ओवीत सांगणारं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी लिहायला घेतलं होतं, पण दहा-अकरा अध्यायांच्या पुढं गेलं नव्हतं. लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या, अक्षरओळख नवऱ्यानंच करून दिलेली. त्यांनी ते हातात घेतलं आणि पुढचे साठाहून जास्त अध्याय रचले. त्याच सुमारास ‘स्मृतिचित्रे’ही लिहून काढली. त्यात टिळकांचा राग, विसरभोळेपणा, उधळेपणा काहीच झाकलेलं नाही. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या.