ज्याला बघायला स्टेडियम भरायचं, त्या स्टॅनली मॅथ्यूजला पगार मात्र ठरवून दिलेलाच मिळायचा

फुटबॉलर म्हटलं की आज कोट्यवधींचे करार आठवतात. पण इंग्लंडमध्ये एक काळ असा होता, की खेळाडू कितीही भारी असला तरी क्लबला त्याला ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पगार देता यायचा नाही. स्टॅनली मॅथ्यूज हा त्याच काळातला सगळ्यात मोठा स्टार.

त्याचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ चा, हॅनलीचा. हा चिनीमातीच्या भांड्यांच्या कारखान्यांचा भाग. वडील न्हावी आणि बॉक्सर. १७ व्या वर्षी तो स्टोक सिटीचा व्यावसायिक खेळाडू झाला आणि १९३४ मध्ये इंग्लंडकडून खेळला. उजव्या विंगवर बॉल घेऊन समोरच्याला हूल द्यायची आणि निसटायचं, ही त्याची खासियत.

१९३८ मध्ये त्याने क्लब सोडायचं ठरवलं. पण तेव्हा करार संपला तरी क्लबच्या परवानगीशिवाय दुसरीकडे जाता यायचं नाही. क्लबने नकार दिला. त्याला जाऊ देऊ नका म्हणून गावकऱ्यांची मोठी सभा भरली. शेवटी तो थांबला.

पुढे महायुद्धात उमेदीची सहा वर्षं गेली. १९४७ मध्ये ब्लॅकपूलने त्याला ११,५०० पौंडांना घेतलं. हे पैसे मिळाले स्टोकला. खेळाडूच्या पगाराची कमाल मर्यादा मात्र आठवड्याला १२ पौंड.

१९४८ आणि १९५१ मध्ये एफए कपची फायनल हरल्यावर १९५३ ला तिसरी संधी आली. मॅथ्यूज तेव्हा ३८ वर्षांचा. बोल्टनविरुद्ध ब्लॅकपूल ३-१ ने मागे होतं. मग त्याने उजवी बाजू अक्षरशः फाडली आणि ब्लॅकपूलने ४-३ ने कप जिंकला. हॅटट्रिक मॉर्टेन्सनची, तरी ती मॅच ओळखली जाते मॅथ्यूजच्या नावाने. १९५६ चा पहिला बॅलन डी'ओरही त्यालाच मिळाला.

जानेवारी १९६१ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने संपाचा इशारा दिल्यावर पगाराची मर्यादा उठली. त्याच वर्षी ४६ वर्षांचा मॅथ्यूज स्टोकला परतला. आधीच्या मॅचला जेमतेम आठ हजार प्रेक्षक होते, त्याच्या पहिल्या मॅचला जवळपास ३६ हजार आले. १९६३ मध्ये स्टोक पुन्हा पहिल्या डिव्हिजनमध्ये पोहोचलं.

१९६५ मध्ये खेळत असतानाच त्याला 'सर' हा किताब मिळाला. फुलहॅमविरुद्ध तो शेवटची लीग मॅच खेळला, तेव्हा त्याचं वय होतं ५० वर्षं ५ दिवस. इतक्या वर्षांत पंचांनी त्याला कधी ताकीद दिली नाही, की मैदानाबाहेर काढलं नाही.

२००० मध्ये त्याचं निधन झालं. पगाराची मर्यादा उठली तेव्हा त्याचे ऐन भरातले दिवस मागे पडले होते. आजच्या खेळाडूंना त्यांची खरी किंमत मिळते. मॅथ्यूजची किंमत तिकिटाच्या रांगेला कळायची, पगाराच्या पाकिटात ती कधी दिसली नाही.