ध्येयनिष्ठ व्यायामाचे आचार्य : स्वामी कुवलयानंद

मावळातील अनेक मुलेमुली आज पहाटे उठून धावण्याचा सराव करतात, तालमीत घाम गाळतात, स्पर्धांत उतरतात. त्यांचे कौतुक करताना आपण किती फेऱ्या मारल्या, किती जोर काढले हे आवर्जून विचारतो. हे सारे कशासाठी, हे मात्र क्वचितच विचारतो. हा प्रश्न व्यायामाच्या आरंभीच विचारावा, यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले ते स्वामी कुवलयानंद आपल्या लोणावळ्याचेच. त्यांच्या जीवनकार्याचे स्मरण या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत उचित ठरेल.

स्वामीजींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे त्यांचा जन्म झाला. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून ते वडोदऱ्याच्या महाविद्यालयात दाखल झाले. श्री अरविंद घोष त्या काळी तेथे अध्यापन करीत असत. त्यांच्या विचारांनी भारावलेल्या या तरुणाने आजन्म ब्रह्मचर्य व देशसेवेचे व्रत घेतले. पुढे १९०७ ते १९१० या काळात राजरत्न माणिकराव यांच्या वडोदऱ्यातील व्यायाममंदिरात त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. बलसंपादन हे तेथे देशकार्याचे साधन मानले जाई. ध्येयाची जोड मिळाली की मेहनतीला शिस्त येते, हा संस्कार त्यांच्यावर येथेच झाला.

त्यानंतर अंमळनेर येथे त्यांनी अध्यापन केले. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी महाराजांकडून त्यांना योगदीक्षा लाभली. गुरूंविषयी अपार श्रद्धा असूनही प्रत्येक क्रियेचे कारण समजून घेण्याची त्यांची जिज्ञासा शमली नाही. उड्डियान व नौली करताना शरीरात नेमके काय घडते, हे त्यांनी वडोदऱ्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले. परंपरेला प्रयोगाच्या कसोटीवर घासणे हे धाडसच होते, कारण निष्कर्ष श्रद्धेच्या विरुद्धही जाऊ शकला असता. पुढील प्रयोगांत नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे मोजमापाने आढळले. या निर्वाताला त्यांनी कृतज्ञतेने आपल्या गुरूंचे नाव दिले.

१९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम आश्रमाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आसनांचा रक्तदाबावर होणारा परिणामही येथे तपासला गेला.

युवकांच्या शारीरिक शिक्षणाकडे त्यांनी विशेष लक्ष पुरविले. मुंबई इलाख्याच्या शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. शाळांतील मुलांना एकत्रितपणे करता यावे म्हणून यौगिक संघव्यायामाची रचना केली. पूर्ण अभ्यासक्रम झेपत नसेल त्याच्यासाठी सोपा व लहान अभ्यासक्रमही त्यांनी आखून दिला. थोड्या वेळापासून आरंभ करावा, क्रमाक्रमाने वाढवावे आणि शरीरावर ताण येऊ देऊ नये, हा त्यांचा दंडक होता. आसने व मेहनतीचा व्यायाम यांत किमान वीस मिनिटांचे अंतर ठेवण्यास ते सांगत. कोणता आधी व कोणता नंतर, हे मात्र साधकाच्या हेतूवर अवलंबून असे. जोम हवा असेल तर मेहनतीचा व्यायाम शेवटी करावा. शांती हवी असेल तर आसने शेवटी करावीत. व्यायाम तेच, पण हेतू बदलला की क्रमही बदलतो! नवख्या खेळाडूने पहिल्याच दिवशी शिकावा असा हा धडा आहे.

पुढे लोणावळ्यात योगाचे महाविद्यालय सुरू होऊन शिक्षक घडविण्याच्या त्यांच्या कार्याला स्थैर्य लाभले. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींनी देह ठेवला. २०२४ साली कैवल्यधामाने शंभर वर्षे पूर्ण केली.

हेतूविना केलेल्या अतिश्रमाने कोवळी शरीरे दुखावतात आणि पदक हुकले की उमेदही मावळते. म्हणून मैदानावर निघालेल्या आपल्या पाल्याला, आजचा सराव कशासाठी, एवढे प्रेमाने विचारावे. उत्तर त्यालाच शोधू द्यावे. मावळच्या या थोर आचार्यांना तेच खरे अभिवादन ठरेल.