सूर्य मालवितो तो दिवा

स्वीडन देशातील स्टेन्स्टॉर्प गावी १८६९ साली एका शेतकऱ्याच्या घरी गुस्टाफ डालेन याचा जन्म झाला. घरची शेती सांभाळीत असतानाच त्याने दुधातील स्निग्धांश मोजण्याचे एक यंत्र तयार केले. ते घेऊन तो द लाव्हाल या नामांकित संशोधकाकडे गेला. पाहतो तो काय, तसलेच यंत्र द लाव्हालने आधीच सिद्ध केले होते! परंतु या तरुणाची बुद्धी ओळखून त्याने त्याला रीतसर शिक्षण घेण्याचा सल्ला दिला. डालेनने शेती सोडली आणि गोथेनबर्ग येथे जाऊन तो इंजिनियर झाला.

स्वीडनचा किनारा खडकाळ आणि बेटांनी भरलेला. दिवे नसतील तर रात्री जहाजे खडकांवर आदळावयाची. पण निर्जन खडकावर रोज दिवा लावावा कोणी आणि मालवावा कोणी? ॲसिटिलीन वायूचा प्रकाश लख्ख पडे. पूर्वी आपल्याकडे जत्रेतील दुकानांत कार्बाइडचे दिवे जळत, त्यांतला वायू हाच. मात्र तो महाग आणि स्फोटक होता, आणि रात्रंदिवस जाळला तर साठा लवकर संपे.

डालेनने प्रथम दिवा सतत न जळता क्षणभर चमकून विझेल, अशी युक्ती योजिली. वायूचा खर्च सुमारे एक दशांशावर आला. शिवाय चमकण्याच्या तालावरून कोणता दिवा कोठला, हे खलाशांना कळू लागले. तरीही भर दुपारी दिवा चमकतच राही! हा अपव्यय त्याला खपेना. १९०७ साली त्याने सूर्य-झडप शोधून काढिली. तिच्यात एक काळी कांडी आणि तिच्याभोवती तीन चकचकीत कांड्या असत. काळा रंग प्रकाश शोषून घेतो, हे तुम्हांस ठाऊक आहेच. दिवस उजाडला की काळी कांडी इतरांहून अधिक तापून किंचित लांब होई व वायूची वाट बंद करी. सायंकाळी ती आखडली की वाट मोकळी होई आणि तेवत ठेवलेल्या इवल्याशा ज्योतीवर दिवा पुन्हा पेट घेई. असा दिवा माणसाच्या हाताशिवाय महिनोन्‌महिने चाले.

१९१२ साली वायूच्या नळकांड्यांची सुरक्षितता तपाशीत असता भयंकर स्फोट झाला. डालेनचे प्राण वाचले, पण दोन्ही डोळे कायमचे गेले. त्याच वर्षी त्याला पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते स्वीकारावयास त्याचा भाऊ गेला. भाऊ स्वतः नेत्रवैद्य होता. पण गेलेली दृष्टी परत येणे नव्हते.

डालेन घरी बसून राहिला नाही. चुलीची सतत राखण करून पत्नी थकून जाते, हे त्या अंध माणसाच्या ध्यानी आले. १९२२ साली त्याने जाड लोखंडाची, उष्णता बाहेर जाऊ न देणारी चूल तयार केली. थोड्याशा कोळशावर ती रात्रंदिवस तापलेली राही. १९३७ साली मृत्यू येईपर्यंत आपल्या कंपनीचा कारभार तोच पाहत होता.