शिंकावा वस्तीतील कागावा

सहकाराचा इतिहास शिकविताना आपल्या महाविद्यालयांतून रॉचडेलच्या विणकरांचे नाव येते, जर्मनीतील रायफायझन यांचे येते, आणि मग १९०४ च्या कायद्यावरून थेट प्रवरानगरच्या साखर कारखान्यापर्यंत उडी घेतली जाते. मधल्या प्रदेशात जपान कोठेच लागत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ हे आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून जाहीर केले, तेव्हाही आपल्याकडील व्याख्यानांतून तोयोहिको कागावा हे नाव ऐकू आल्याचे स्मरत नाही. एके काळी मात्र ते गांधी व श्वाइट्झर यांच्या जोडीने जगभर घेतले जाई. कागावा हे रूढ अर्थाने अर्थशास्त्रज्ञ नव्हते. ते प्रथमपासून अखेरपर्यंत ख्रिस्ती धर्मोपदेशक होते, आणि सहकाराकडे वळले ते हिशेबाच्या वाटेने नव्हे. माणसामाणसांत उभ्या असलेल्या भिंती श्रद्धेच्या बळावर पाडता येतात काय, या प्रश्नाचा पाठपुरावा करीत ते तेथवर पोहोचले.

त्यांचा जन्म १० जुलै १८८८ रोजी कोबे या बंदराच्या शहरी झाला. वडील प्रतिष्ठित गृहस्थ, व्यापारी आणि काही काळ सरकारी अधिकारी. आई गेइशा, म्हणजे समाजाच्या दृष्टीने ठेवलेली स्त्री. मूल चार-साडेचार वर्षांचे होते न होते तोच दोघेही थोड्या महिन्यांच्या अंतराने निवर्तली. मुलाची रवानगी तोकुशिमा प्रांतातील वडिलोपार्जित घरी झाली. तेथे वडिलांची विवाहित पत्नी होती. तिने या पोराकडे कोणत्या दृष्टीने पाहिले असेल हे सांगण्यास कल्पनाशक्तीची गरज नाही. गावातही रखेलीचा मुलगा ही ओळख त्याला चिकटून राहिली. पुढे थोरल्या भावाने इस्टेट उधळली आणि घराण्याचे दिवाळे निघाले. जन्माने माणसाची किंमत ठरविणारा समाज म्हणजे काय, हे कागावांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

तोकुशिमात लोगन आणि मायर्स या दोन अमेरिकन मिशनऱ्यांकडे ते इंग्रजी शिकण्यासाठी जाऊ लागले. इंग्रजी आले, आणि त्याबरोबर आयुष्यात प्रथमच एक असे घर लाभले की जेथे आईबापांचा हिशेब कोणी मागत नव्हते. १९०४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर अडीच शतके बंदी होती आणि ती उठविल्याला अवघी तीस-एकतीस वर्षे झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या पावलाचे वजन कळते. ज्या नातेवाइकाच्या आधारावर शिक्षण चालले होते त्याने हात काढून घेतला. त्याच वर्षी रशियाशी युद्ध सुरू झाले होते, सारा देश विजयाच्या उन्मादात होता, आणि हा टॉल्स्टॉय वाचणारा विद्यार्थी युद्धच चुकीचे म्हणू लागला होता. तोक्योतील मेइजी गाकुइन आणि नंतर कोबेची धर्मविद्याशाळा येथे शिक्षण चालू असतानाच क्षयाने गाठले. दुखणे जिवावर बेतले, पण ते त्यातून उठले. हे आयुष्य आता आपले नव्हे, ते कोणाला तरी देऊन टाकले पाहिजे, असा निश्चय करूनच ते उठले असावेत.

२४ डिसेंबर १९०९ ही तारीख त्यांच्या चरित्रात सर्वांत महत्त्वाची. नाताळच्या आदल्या दिवशी, एकविसाव्या वर्षी, आपले सामान हातगाडीवर घालून ते कोबेच्या शिंकावा या गलिच्छ वस्तीत राहावयास गेले. सेवेसाठी तेथे जाणारे पूर्वीही होते, पण ते संध्याकाळी आपल्या घरी परतत. कागावांनी तेथेच खोली घेतली. ती सहा-सात फुटांची, आणि तीत खून झाल्यामुळे भूत वावरते अशी समजूत असल्याने भाडे कमी. त्या अंथरुणापुरत्या जागेत त्यांनी रोगी, दारुडे व तुरुंगातून सुटलेले, असे जे येतील त्यांना आसरा दिला. एका सोबत्याच्या खरजेचा प्रसाद मिळाला, दुसऱ्याकडून खुपऱ्यांचा. खुपऱ्यांनी पुढे दृष्टी जवळजवळ नेली, आणि उत्तरायुष्यात लेखन मुख्यतः इतरांकडून लिहवून घ्यावे लागले.

या वस्तीत एक धंदा चाले. नको असलेली अर्भके थोड्या रकमेसह स्वीकारावयाची आणि उपासमारीने त्यांना मरू द्यावयाचे. एक मूल कमी पैशात दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे हिंडत जाई आणि वाटेत संपे. अशीच एक मरणासन्न मुलगी कागावांनी उचलून आणली आणि रात्ररात्र जागून पाजून वाढविण्याची खटपट केली. स्वतः अनौरस म्हणून हिणविला गेलेला हा तरुण त्या कोणाच्याच नसलेल्या पोरीला मांडीवर घेऊन बसला असेल, तेव्हा धर्मशाळेतील ईश्वरविषयक प्रबंध त्याला फार दूरचे वाटले असले पाहिजेत. क्रूस म्हणजे दुसऱ्याचे ओझे आपल्या खांद्यावर घेणारे प्रेम, याखेरीज धर्मसिद्धांत म्हणून त्यांनी पुढे फारसे काही सांगितले नाही.

१९१३ मध्ये त्यांनी शिबा हारु या छापखान्यात काम करणाऱ्या तरुणीशी विवाह केला. हारु या केवळ सहधर्मचारिणी नव्हत्या. कामगार स्त्रियांचे संघटन करण्यात त्या पुढे स्वतंत्रपणे अग्रेसर झाल्या. चरित्रकार त्यांना चार ओळींत संपवितात, हा अन्याय आहे.

१९१४ ते १९१७ ही वर्षे कागावांनी अमेरिकेत, मुख्यतः प्रिन्स्टन येथे अध्ययनात काढली. तेथे त्यांचे लक्ष ग्रंथालयाइतकेच न्यूयॉर्कमधील शिवणकामगारांच्या मोर्चाकडेही गेले. परत शिंकावात आले ते एक निष्कर्ष घेऊन. दारिद्र्याला भाकरी वाटून उत्तर देता येत नाही. कारखान्यात मजुरी ठरते, शेतावर खंड ठरतो आणि दुकानात तांदळाचा भाव ठरतो, तेथे हात घातला पाहिजे. १९१८ मध्ये तांदळाच्या भाववाढीने जपानभर दंगली उसळल्या आणि कोबेही त्यात होरपळले, तेव्हा हा निष्कर्ष आणखी पक्का झाला असल्यास नवल नाही.

यानंतरची चार-पाच वर्षे विलक्षण कर्तृत्वाची आहेत. १९२० मध्ये त्यांची आत्मचरित्रात्मक कादंबरी 'मृत्यूची सीमारेषा ओलांडून' प्रसिद्ध झाली. तिच्या लाखो प्रती खपल्या, आणि मिळालेले मानधन वस्तीतील कामात व संघटनांत गेले. १९२१ च्या उन्हाळ्यात कावासाकी व मित्सुबिशी यांच्या कोबेतील गोद्यांमधील सुमारे तीस हजार कामगारांनी संप केला. कागावा त्याच्या अग्रभागी होते, संप अहिंसक राहावा म्हणून झटत होते, आणि अटकही झाले. संप फसला. जहालांनी त्यांना मवाळ ठरविले व मालकांनी चिथावणीखोर. पुढच्या वर्षी कुळांसाठी जपान शेतकरी संघाची स्थापना झाली, तीतही त्यांचा वाटा मोठा होता.

त्याच १९२१ मध्ये कोबे आणि शेजारचे नादा येथे दोन ग्राहक सहकारी संस्था उभ्या राहिल्या. नादा येथील एका सधन व्यावसायिकाने आपली संपत्ती समाजकार्यास लावावी म्हणून सल्ला विचारला, तेव्हा कागावांनी त्याला दानधर्माऐवजी सहकाराची वाट दाखविली. संस्थेचे लोक घरोघर जाऊन मागणी नोंदवीत व माल पोहोचवीत, त्यामुळे गृहिणी संस्थेच्या कारभाराशी जोडल्या गेल्या. १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तोक्योत वैद्यकीय सहकारी संस्था काढताना डॉक्टरांच्या संघटनेशी झगडावे लागले. इनाझो नितोबे यांच्यासारखा नामवंत विद्वान त्या संस्थेचा अध्यक्ष झाला म्हणून ती तगली. १९३६ मध्ये अमेरिकेतील व्याख्यानांतून त्यांनी या साऱ्याची मीमांसा केली. 'बंधुतेचे अर्थशास्त्र' या नावाने ती ग्रंथरूपाने उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला ती काही ठिकाणी भाबडी वाटते. किंमत कशी ठरते आणि भांडवल कोठून येते, या प्रश्नांना तीत पुरेशी उत्तरे नाहीत. परंतु सभासद एकमेकांना परके मानीत असतील तर सहकारी संस्था ही केवळ नोंदणीकृत कागद राहते, हे त्यांचे प्रतिपादन आपल्याकडील अनेक पतसंस्थांचे अहवाल वाचताना आठवते.

येथवरचे चरित्र एखाद्या संताच्या चरित्रासारखे वाटेल. ते तसे नाही. शिंकावात बुराकू समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते. कातडी कमावणे, जनावरे मारणे, प्रेतांची व्यवस्था पाहणे ही कामे पिढ्यान्पिढ्या करणारा हा जपानमधील अस्पृश्यवर्ग. १८७१ च्या राजाज्ञेने त्यांची हीन संज्ञा कायद्याने गेली, पण विवाह, नोकरी आणि वस्ती यांतील बहिष्कार गेला नाही. या लोकांत कागावा राहिले, जेवले, त्यांची प्रेते त्यांनी उचलली. आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गरिबांच्या मानसशास्त्राचा अभ्यास' या ग्रंथात त्यांनीच या समाजाचे वर्णन वंशानेच निराळ्या, अधःपतित व गुन्हेगारीकडे झुकलेल्या लोकांचे म्हणून केले. त्या काळच्या पाश्चात्त्य वंशशास्त्राचा हा परिणाम होता, हे स्पष्टीकरण खरे आहे, पण ते पुरेसे नाही. शेजाऱ्याच्या जखमा धुणारा हात टेबलाशी बसताच त्या शेजाऱ्याला एक जात म्हणून मोजू लागला. सहवासाने हृदयातील पूर्वग्रह गेला होता, विचारातील राहिला होता, असेच म्हणावे लागते.

३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे बुराकू तरुणांनी 'सुइहेइशा', म्हणजे समतल करणाऱ्यांचा संघ, स्थापन केला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाआधी पाच वर्षे. त्यांच्या जाहीरनाम्याचा रोख स्पष्ट होता. दया नको, सन्मान हवा, आणि आपली सुटका आपणच करू. संस्थापकांपैकी साइको मांकिची हा एका बौद्ध मंदिराच्या पुरोहिताचा मुलगा, आणि त्याने संघासाठी जो ध्वज योजिला त्याच्या काळ्या पार्श्वभूमीवर लाल रंगाचा काट्यांचा मुकुट होता. कागावांचा या मंडळींशी शेतकरी चळवळीच्या निमित्ताने परिचय होता. ज्यांच्याविषयी त्यांनी ते लिहिले होते त्यांनीच ख्रिस्ताच्या वेदनेचे चिन्ह आपल्या खांद्यावर घेतले, आणि तेही त्यांच्या उपदेशावाचून. चर्चच्या व्यासपीठावरून क्रूसाचा अर्थ सांगणाऱ्या कोणत्याही उपदेशकाला अंतर्मुख करील अशी ही घटना आहे.

राष्ट्राराष्ट्रांतील भिंतीपाशी त्यांची दुसरी कसोटी लागली. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा कागावांनी चिनी वाचकांची लेखी क्षमा मागितली. आपल्या देशाच्या अपराधाबद्दल एकट्या माणसाने मागितलेली ती क्षमा होती, आणि ती देशद्रोह समजली जाण्याचे ते दिवस होते. १९३८ च्या डिसेंबरात मद्रासजवळील तांबरम येथे जागतिक ख्रिस्ती परिषद भरली, तीसाठी ते भारतात आले. जानेवारी १९३९ मध्ये बारडोली येथे त्यांनी गांधीजींची भेट घेतली. चीनमधील युद्धाबद्दल जपानी लोकांना काय वाटते, असे गांधीजींनी विचारले. त्यावर आपण या बाबतीत आपल्या देशात पाखंडीच आहोत, असे कागावांनी सांगितले आणि माझ्या जागी आपण असता तर काय केले असते, असा उलट प्रश्न केला. गांधीजींनी आढेवेढे घेतले, आणि मग सांगितले की आपण ते पाखंड जाहीरपणे बोलून दाखविले असते व गोळी झेलली असती. तुमच्या सहकारी संस्था आणि सारे कार्य एका पारड्यात घाला, राष्ट्राची अब्रू दुसऱ्यात घाला, आणि ती अब्रू विकली जात आहे असे दिसले तर जपानविरुद्ध मत उघड सांगून मरणाला सामोरे जा, असा त्यांचा आशय होता. कागावांची आतून तशी तयारी होती, पण मित्र त्यांना परावृत्त करीत होते. यावर गांधीजींनी अंतरातील मित्राचे ऐकावयास सुचविले.

हा सल्ला देणे सोपे होते काय? गांधीजींनी ते स्वतः आचरून दाखविले होते, म्हणून तो त्यांच्या तोंडी शोभला. कागावांच्या पाठीशी मात्र हजारो सभासदांच्या संस्था, शिशुगृहे, दवाखाने होते, आणि लष्करी राजवटीला ते एका हुकुमाने बंद करता आले असते. ऑगस्ट १९४० मध्ये त्यांना युद्धविरोधी वर्तनाच्या संशयावरून अटक झाली व काही दिवसांनी सुटका. १९४१ च्या वसंतात ख्रिस्ती शिष्टमंडळाबरोबर ते युद्ध टळावे म्हणून अमेरिकेत हिंडले. पर्ल हार्बरनंतर ते बरेचसे गप्प झाले. युद्धाच्या अखेरच्या काळात तर अमेरिकन बाँबहल्ल्यांचा निषेध करणारी त्यांची भाषणे जपानी नभोवाणीवरून प्रक्षेपित झाली. जळणारी शहरे डोळ्यांपुढे असताना तो निषेध खोटा नव्हता, पण ज्या सरकारच्या ध्वनिक्षेपकावरून तो केला गेला त्या सरकारने नानकिंगमध्ये काय केले होते याचा उच्चार त्या ध्वनिक्षेपकावरून शक्य नव्हता. बारडोलीच्या तराजूत अखेर पारडे कोणीकडे झुकले, हे वाचकाने ठरवावे. माझ्या मते ते दोन्हीकडे झुकत राहिले.

युद्धानंतर त्यांनी पश्चात्तापाची हाक देत देशभर प्रवचने केली, नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचविले गेले, आणि २३ एप्रिल १९६० रोजी तोक्योत त्यांचे निधन झाले. हारु १९८२ पर्यंत हयात होत्या. दोन वर्षांनी, १९६२ पासून, कागावांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध होऊ लागले. त्यात १९१५ चा तो ग्रंथही होता. बुराकू मुक्तिचळवळीने हरकत घेतली आणि वाद पुढे कित्येक वर्षे चालला. जपानच्या चर्चला आपल्या सर्वांत विख्यात पुत्राच्या लेखनाची झाडाझडती घ्यावी लागली, आणि त्या निमित्ताने आपल्याच बाकांवर बुराकू माणसाला कोणती जागा मिळते हेही तपासावे लागले.

१९६२ मध्येच नादा व कोबे येथील दोन्ही सहकारी संस्था एकत्र आल्या. आज त्या संयुक्त संस्थेचे सभासद दहा लाखांहून अधिक आहेत. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात तिची मुख्य कचेरी कोसळली. त्यानंतरच्या दिवसांत उभ्या राहिलेल्या दुकानांतून तिने अन्नपाणी नेहमीच्याच भावाने विकले.