'हंटरवाली'च्या चार वर्षं आधी पडद्यावर तलवार चालवणारी मराठी मुलगी, जिला आपण मंथरा म्हणून ओळखतो

दूरदर्शनवरच्या 'रामायण'मधली मंथरा आठवते? कमरेत वाकलेली, एक डोळा बारीक करून कैकेयीचे कान भरणारी? ती भूमिका ललिता पवार यांची. त्यांचं नाव काढलं की आजही बहुतेकांना खाष्ट सासूच आठवते.

पण हीच बाई एकेकाळी स्टंटपटांची हिरोईन होती.

भारतातली पहिली ॲक्शन हिरोईन कोण असं विचारलं की उत्तर येतं फिअरलेस नादिया, आणि सिनेमा 'हंटरवाली'. तो आला १९३५ साली. त्याच्या चार वर्षं आधी पुण्यातल्या एका कंपनीने 'दिलेर जिगर' नावाचा मूकपट काढला होता. कथा अशी की, गादीसाठी राजाला त्याच्याच भावाने संपवलंय आणि खरा वारस रस्त्यावर कसरती करून पोट भरतोय. त्याच्यासोबत खेळ करणारी मुलगी म्हणजे सारंगा. हिरो संकटात सापडतो तेव्हा ती रडत बसत नाही. वेश बदलते, चेहऱ्यावर मुखवटा चढवते आणि तलवार घेऊन मैदानात उतरते. हॉलिवूडच्या डग्लस फेअरबँक्सच्या तलवारबाज सिनेमांची छाप त्यावर उघड दिसते, फक्त इथे मुखवट्याआड मुलगी आहे.

सारंगा झालेल्या ललिताबाई तेव्हा होत्या जेमतेम १५ वर्षांच्या.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १९१६ चा, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. मूळ नाव अंबा सगुण. वडील कापडाचे व्यापारी. मुलींना शाळेत पाठवायची पद्धत नव्हती. सिनेमात काम करणं तर चांगल्या घरच्या बायकांसाठी बदनामीच समजली जायची. तरीही अंबा १२ व्या वर्षीच, १९२८ साली, पुण्यात कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. 'दिलेर जिगर'चे दिग्दर्शक जी. पी. पवार यांच्याशी पुढे लग्न झालं आणि पवार हे आडनाव कायमचं चिकटलं.

बोलपट आले तेव्हा मूकपटातल्या अनेकांची दुकानं बंद झाली. ललिताबाईंची नाही. त्यांना गाता येत होतं. 'हिंमत-ए-मर्दा'मध्ये अभिनय आणि गाणं दोन्ही त्यांचंच. 'दुनिया क्या है' तर त्यांनी स्वतः निर्माती म्हणून काढला.

मग आलं १९४२. 'जंग-ए-आझादी'चं शूटिंग सुरू होतं आणि सीनमध्ये भगवानदादांनी ललिताबाईंना थोबाडीत मारायची होती. थप्पड जोरात बसली. डाव्या डोळ्याची नस फुटली, चेहऱ्याला अर्धांगवायू झाला. लांबलचक उपचार झाले, पण डोळा पूर्वीसारखा झाला नाही.

तलवारबाजी करून सहीसलामत राहिलेल्या हिरोईनचं करिअर एका थपडेने संपवलं. वय होतं अवघं २६. पुरुष हिरोच्या चेहऱ्यावर व्रण आला असता तर कदाचित तो मर्दपणाची खूण ठरला असता. हिरोईनला ती सवलत नव्हती.

ललिताबाई घरी बसल्या नाहीत. ज्या डोळ्यामुळे नायिकेची कामं गेली, तोच त्यांनी कामाला लावला. १९४४ साली प्रभातच्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई झाल्या. १९५० मध्ये व्ही. शांतारामांच्या 'दहेज'मध्ये सासू झाल्या आणि पुढची कित्येक वर्षं हिंदी सिनेमातली सासू म्हणजे ललिता पवार हे समीकरणच झालं. मधूनच 'श्री ४२०'मधली केळेवाली किंवा 'अनाडी'मधली मिसेस डिसा यायची आणि वरून कडक, आतून मायाळू बाई लोकांना रडवून जायची. 'अनाडी'साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं.

या सगळ्यात सारंगाला लोक विसरले. भारतात मूकपट शेकड्यांनी बनले, त्यातले बहुतेक जळून, विरघळून, भंगारात जाऊन नष्ट झाले. त्यामुळे त्या काळच्या ॲक्शन करणाऱ्या बायका आज बहुतेक जाहिरातींतल्या नावांपुरत्याच उरल्यात. 'दिलेर जिगर' मात्र बचावला.

२४ फेब्रुवारी १९९८ ला पुण्यात, औंधच्या घरी ललिताबाईंचं निधन झालं. 'दिलेर जिगर' त्याच शहरात, लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपून ठेवलाय.